आश्वे-मांद्रेला सर्फिंग शिकायला येणाऱ्यांनी जेवावे कुठे?

विचारणा अशी आहे : मुंबईचे चार मित्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस गोव्यातील आश्वे आणि मांद्रे येथे सर्फिंग शिकायला येत आहेत. चौघांपैकी एक शाकाहारी आहे, मात्र त्याला अंडे चालते. राहण्याची सोय किनाऱ्यालगत झालेली आहे. मागच्या खेपेस डिसेंबरात आले असताना शॅकवरच्या, म्हणजे वाळूतल्या हंगामी झोपडीवजा उपाहारगृहांतल्या, बिलांनी त्यांचा खिसा रिकामा केला होता, म्हणून या वेळी चांगले, ताजे आणि वाजवी दरात कुठे खायला मिळेल, हे त्यांना आधीच जाणून घ्यायचे आहे. मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून गेली बारा वर्षे याच पट्ट्यात नवशिक्यांना लाटेवर उभे राहायला शिकवतो. या कामात शिकणाऱ्यांच्या पोटाची काळजी न मागता गळ्यात पडते, कारण बोर्डवर पालथे पडून हात मारायचे असतात आणि उपाशी माणूस जसा पंधरा मिनिटांत थकतो, तसाच भरल्या पोटाचा माणूस पहिल्याच लाटेला जेवण घशाशी आणतो.

उत्तरात मी हॉटेलांची नावे देणार नाही, आणि त्याला कारण आहे. सरकारी जागेवरच्या शॅक सोडत काढून दिल्या जातात, खाजगी जागेतल्या भाड्याने फिरत राहतात, आणि या दोन्ही ठिकाणचे आचारी बहुतेक करून हंगामापुरते बाहेरून आलेले असतात. गेल्या वर्षी ज्या छपराखाली उत्तम मासा मिळाला, त्याच छपराखाली यंदा दुसराच मालक आणि दुसराच आचारी असतो, पाटी मात्र तीच राहते. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर पेडणे तालुक्यात नवी उपाहारगृहे इतक्या वेगाने उघडतात आणि मिटतात की माझी स्वतःचीच यादी दर सहा महिन्यांनी शिळी होते. त्यामुळे ‘कुठे’ या प्रश्नाचे टिकणारे उत्तर द्यायचे तर ते ‘कोणत्या महिन्यात’ आणि ‘किती वाजता’ या दोन प्रश्नांतूनच द्यावे लागते.

आधी महिना पाहू. या किनाऱ्यावर लाटेचा आणि शॅकचा हंगाम एकमेकांशी फारसा जुळत नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे असतात आणि नवशिक्याने पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नसतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, परंतु समुद्राची उसळी पूर्ण निवलेली नसते, म्हणून शिकण्याजोगी, कमरेएवढी, नीट फुटणारी लाट या दिवसांत मिळते. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा किनारा माणसांनी फुललेला असतो, तेव्हा कित्येक सकाळी समुद्र तळ्यासारखा पसरलेला असतो. उलट शॅक मे महिन्याच्या अखेरीस उतरवल्या जातात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उभारल्या जातात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही याल तेव्हा बऱ्याच ठिकाणी वाळूत नुसते बांबू रोवलेले दिसतील आणि माडाच्या झावळ्यांचे ढीग पडलेले असतील. तिसरी गोष्ट मासळीची. पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते, म्हणजे ऑक्टोबरात बाजारात ताजा मासा भरपूर असतो. थोडक्यात तुमच्या आठवड्यात लाट असेल, मासा असेल, आणि शॅक अर्ध्याच असतील. मला विचाराल तर खाण्याच्या दृष्टीने वर्षातला हाच सर्वांत चांगला आठवडा आहे, कारण नाइलाजाने का होईना, तुम्हाला किनारा सोडून गावात शिरावे लागेल.

आता भूगोल थोडक्यात सांगतो. उत्तरेकडून केरी, मग हरमल, मग मांद्रे, मग आश्वे आणि शेवटी शापोरा नदीच्या मुखाशी मोरजी, असे हे किनारे एकाखाली एक लागतात. किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता पर्यटकांचा आहे. त्यावरून पूर्वेकडे वळणारा कोणताही रस्ता धरला की थोड्याच वेळात देऊळ, शाळा, पंचायत आणि बसथांबा असलेले खरे गाव लागते. मांद्रे गावाचा बाजार, हरमलचा वरचा भाग, नदीकाठचे चोपडे आणि स्कूटरने जरा लांब जायची तयारी असेल तर खुद्द पेडणे, ही तुमची खाण्याची ठिकाणे होत. पेडणे तालुक्यात मराठी सर्रास समजते आणि बोलली जाते. तेव्हा मुंबईकराने इथे येऊन मोडक्या इंग्रजीत ‘फिश थाळी’ मागण्याचे काहीच कारण नाही. ‘आज मासळी कसली आहे?’ एवढे सरळ मराठीत विचारले की उत्तरही सरळ मिळते, आणि बहुधा न छापलेला एखादा पदार्थही पुढे येतो.

सकाळची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. इथे वारा पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो किंवा पडलेला असतो, त्यामुळे लाटेचा दर्शनी भाग गुळगुळीत राहतो. साडेदहा-अकराच्या सुमारास वारा उलटतो आणि पाणी विस्कटते. म्हणून शिकवणी साडेसहाला सुरू होते आणि साडेनऊच्या आत संपते. पाण्यात उतरण्यापूर्वी एक केळे आणि अर्धा कप चहा, याहून अधिक काही घेऊ नये. उतरण्याआधी ‘ताकद हवी’ म्हणून तीन अंड्यांचे ऑम्लेट खाऊन आलेल्या एका धडधाकट गृहस्थांना मी दुसऱ्या लाटेनंतर खांद्याला धरून बाहेर आणलेले आहे. खरी न्याहारी नंतर, आणि ती भाजी-पावाची.

गोव्यातली भाजी-पाव म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे. गावातल्या हॉटेलात किंवा ‘टी स्टॉल’ अशी पाटी असलेल्या खोलीत पातळ भाजी आणि सुकी भाजी अशा दोन भाज्या असतात. पातळ भाजी बहुधा वाटाण्याची किंवा चवळीची, खोबऱ्याच्या वाटणाची असते, आणि सुकी बहुधा बटाट्याची. दोन्ही एकाच ताटलीत हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचे. सोबत पाव घ्यावा, पण त्या दिवशी पोई असेल तर पोईच घ्यावी. कोंड्याची ही चपटी, आतून पोकळ भाकरीसारखी पोळी पातळ भाजी शोषून घेते आणि तरीही हातात तुटत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज करत पहाटे येऊन गेलेला असतो, त्यामुळे नऊ वाजता ती अजून मऊ असते आणि अकरा वाजता चिवट होऊ लागते. काचेच्या कपाटात मिरचीची भजी, कटलेट आणि बन्स मांडलेले असतात. पिकलेल्या केळ्याची ही किंचित गोड पुरी, जिला इथे बन्स म्हणतात, ती तीन तास पोहून आलेल्या शरीराला जे हवे असते ते सर्व एका घासात देते, असे माझे मत आहे. न्याहारीच्या या जागा साडेदहा-अकरापर्यंत भाजी संपवून मोकळ्या होतात, म्हणून पाण्यातून निघाल्यावर अंघोळीत वेळ घालवू नये. मात्र एक पथ्य पाळावेच लागते. उघड्या अंगाने, ओल्या चड्डीने आणि वाळूने भरलेल्या पायांनी गावातल्या हॉटेलात शिरू नये. अंगात सदरा घालावा, नळावर पाय धुवावेत, आणि बाकावर बसण्यापूर्वी खाली कोरडा पंचा टाकावा. कोणी तोंडावर बोलत नाही, पण पुढच्या वेळी चहा उशिरा येतो.

दुपारच्या जेवणासाठी आधी किनाऱ्यावरचे एक दृश्य सांगितले पाहिजे. मांद्रे-मोरजीच्या बाजूला अजूनही काही सकाळी रापण लागते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धगोलाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून, कमरेला दोर अडकवून, मागे झुकत झुकत वीस-पंचवीस माणसे ओढतात. आमच्या शिकवणीच्या वेळी रापण लागली तर आम्ही बोर्ड उचलून दूर सरकतो. त्यात सौजन्य आहेच, पण सुरक्षितताही आहे, कारण पाण्यातला ताणलेला दोर दिसत नाही आणि पायाला चांगलाच कापतो. शेवटची पाच मिनिटे पाहण्यासारखी असतात. जाळ्याची पिशवी वाळूवर येते तेव्हा आधी आवाज येतो, शेकडो बांगड्यांच्या शेपट्यांचा, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मग पाटी घेऊन थांबलेल्या बायका पुढे होतात, वाटे पडतात, आणि त्या गर्दीत हातात पिशवी घेऊन उभी असलेली एखादी व्यक्ती हमखास गावातल्या खाणावळीची असते. ती व्यक्ती कोणत्या दिशेने जाते ते पाहा. माझ्या बारा वर्षांच्या अनुभवात जेवणाच्या जागेची याहून खात्रीची शिफारस मला मिळालेली नाही.

खाणावळ ओळखताना एका गोष्टीने बिचकू नये. गोव्यात पाटीवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ लिहिलेले असले तरी ती जागा दारूच्या गुत्त्यासारखी असते असे नाही. चार टेबले, भिंतीवर देवाची किंवा क्रुसाची तसबीर, आणि आत घरातलीच बाई स्वयंपाक करते आहे, अशा कित्येक जागांवर हीच पाटी असते आणि दुपारी तिथे बँकेतली, पंचायतीतली, विजेच्या खात्यातली माणसे जेवतात. साडेबाराला बाहेर जितक्या स्थानिक दुचाक्या उभ्या असतील, तितके आतले जेवण विश्वासाचे. पर्यटकांसाठी भाड्याने दिलेल्या गाड्यांच्या पाट्या काळ्यावर पिवळ्या अक्षरांच्या असतात. दारात त्याच अधिक दिसल्या तर पुढच्या दारी जावे.

इथल्या माशाच्या ताटाला शितकडी म्हणतात, म्हणजे भात आणि आमटी. तुमच्यापैकी ज्यांनी मालवणी जेवण जेवलेले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल आणि तरीही थोडे निराळे लागेल. पेडणे हा तालुका पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या शेवटी आला. त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, आणि तेरेखोल ओलांडले की आजही सिंधुदुर्ग लागतो. त्यामुळे इथल्या हिंदू घरांतले हुमण आमच्या वेंगुर्ल्याच्या कढीच्या फार जवळचे आहे : ओल्या नारळाचे वाटण, मिरची, हळद, आंबटपणाला आमसूल, आणि बांगडा किंवा तारली असेल तर त्रिफळ. त्रिफळाचे दाणे चावायचे नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असतात. मुंबईचे पाहुणे ते मिरे समजून चावतात आणि मग पाच मिनिटे जीभ बधिर झाल्याची तक्रार करतात. ताटात हुमण, भात, एखादी भाजी, तळलेल्या माशाचा तुकडा, सोलकढी आणि नशीब चांगले असेल तर किसमूर असते. भाजलेला सुका जवळा, खोबरे आणि कांदा यांचा हा कोरडा प्रकार दिसायला चिमूटभर असतो, परंतु त्याच्यावर अख्खा भात जातो. तिसऱ्यांचे सुके मिळत असेल तर वेगळे मागवावे. ख्रिस्ती घरातली खाणावळ असेल तर आंबट-तीख म्हणजे माशाचे आंबट-तिखट कालवण, काफ्रियाल म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी, किंवा रेशाद हा लाल मसाला भरून तळलेला बांगडा मागवावा. रेशादमध्ये व्हिनेगर असल्यामुळे त्याची चव हुमणाहून पूर्णपणे वेगळ्या वाटेने जाते. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि लोणच्यात किंवा मसाल्यात तीच वापरली आहे असे कोणी अभिमानाने सांगितले तर ते जेवण सहसा फसत नाही.

तळणीचा मासा निवडताना नावांचा गोंधळ होतो, तो आधीच निस्तरावा. मुंबईची सुरमई ती इथली इसवण आणि तुमचा जिताडा तो इथला चणक. इथे सपाट लेपो मिळतो, जो काट्यांना कंटाळणाऱ्याने निःशंक घ्यावा. ऑक्टोबरात मी स्वतः इसवणाच्या मागे लागत नाही. बांगडा या दिवसांत ताजा, मुबलक आणि स्वस्त असतो, आणि ताटातला जो मासा सर्वांना परवडतो तोच रोज नवा येतो. रव्यात घोळवलेला तुकडा कुरकुरीत लागतो खरा, पण माशाचा ताजेपणा रवा झाकतो, म्हणून पहिल्या दिवशी नुसता मीठ-हळद-मसाला लावून तव्यावर भाजलेला बांगडा मागवून ती खाणावळ पारखावी. दोनच्या पुढे गेलात तर मासा संपलेला असतो, आणि तीनच्या पुढे गेलात तर खाणावळच बंद असते. गोव्यातली दुपारची झोप ही कल्पना नाही. साडेतीनला भूक लागलेल्याला सातपर्यंत किनाऱ्यावरच्या सँडविचवर भागवावे लागते, आणि त्या एका सँडविचच्या किमतीत दुपारी एक ताट आले असते.

तुमच्या शाकाहारी मित्राविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्याची अडचण तुम्हाला वाटते तिथे नाही. त्याची न्याहारी वर सांगितल्याप्रमाणे बाकीच्या तिघांहून काकणभर चांगलीच होईल. दुपारी अनेक खाणावळींत शाकाहारी ताट मिळते, त्यात तोंडाक, म्हणजे कडधान्याची दाट आमटी, आणि क्वचित खतखते असते. अनेक भाज्या आणि शेंगांची ही मिसळ समोर आली तर तिघांनी मासा सोडून त्यात वाटा मागावा. सोमवारी तर कित्येक हिंदू घरांत मासा शिजत नाही, त्या दिवशी शाकाहारी ताट अधिक मन लावून केलेले असते. सावध राहायचे ते दोन ठिकाणी. पहिले असे की इथे भेंडी, दुधी, वाल अशा भाज्यांतही चवीसाठी सुकी किंवा ओली सुंगटे, म्हणजे कोळंबी, घालण्याची रीत आहे, आणि वाढणाऱ्याच्या मनात ती भाजीच असते. ‘व्हेज आहे ना?’ असे विचारल्यास ‘हो’ येईल. ‘भाजीत सुंगटे घातली आहेत का?’ असे विचारल्यास खरे उत्तर येईल. दुसरे ठिकाण संध्याकाळचा गाडा. रस-ऑम्लेट हे नाव ऐकून अंडे खाणारा शाकाहारी निश्चिंत होतो, परंतु तो रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा, असतो. काही गाड्यांवर चण्याचा रस्सा मिळतो, तो नाव घेऊन मागावा लागतो.

मांसाहारी तिघांनी मात्र एक संध्याकाळ त्या गाड्यावरच घालवावी. दिवे लागल्यावर गावाच्या तिठ्यावर, देवळाच्या आसपास गाडे उभे राहतात. तव्यावर कांदा-मिरचीचे पातळ ऑम्लेट होते, ते ताटलीत घडी घालून त्याच्यावर उकळता रस्सा ओततात, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि दोन पाव. उभ्याने खायचे, पाव रश्शात बुडवायचा, आणि रस्सा संपला की निःसंकोच आणखी मागायचा. चोरीस-पावही, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचा पाव, याच सुमारास मिळतो. तो तिखट, आंबट आणि भरपूर तेलकट असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात उतरायचे असेल तर एकावर थांबावे. हा सल्ला मी दर वर्षी देतो आणि दर वर्षी कोणी तरी तो मोडून सकाळी बोर्डवर पोट धरून पडतो.

शॅकवर खाऊच नये असे माझे म्हणणे नाही. सूर्य मावळताना वाळूत पाय रोवून बसण्याचे पैसे तिथे घेतात आणि ते पैसे वसूलही होतात. केवळ त्या पैशांत स्वयंपाकही उत्तम येईल अशी अपेक्षा ठेवू नये. 2023 साली गोवा सरकारने शॅकवर फिश करी-राइस ठेवणे बंधनकारक केले, यावरून त्याआधी तिथल्या खाद्यपत्रिकांत काय काय होते आणि काय नव्हते याची कल्पना यावी. चाळीस पानांच्या पत्रिकेत बोर्श, हमस, मोमो, पास्ता आणि पनीर टिक्का एकत्र नांदत असतील तर त्यातले बहुतेक फ्रीझरमधून निघते, हे उघड आहे. फिश अँड चिप्समधला पांढरा, बिनचवीचा, बिनकाट्याचा तुकडा अनेक ठिकाणी बासा नावाच्या गोठवलेल्या माशाचा असतो, समोर समुद्र गर्जत असला तरी. शॅकवर घ्यायचे ते अख्खे मासे. परातीत बर्फावर मांडलेले मासे पाहून एक निवडावा : डोळे फुगीर आणि पाणीदार, कल्ल्याच्या आत लालभडक रंग, आणि बोटाने दाबल्यास खळगा लगेच भरून येणारे मांस. तांबोशी हा तांबूस मासा किंवा चणक निखाऱ्यावर चांगला होतो आणि चौघांना पुरतो. दर किलोचा की नगाचा, वजन कापण्यापूर्वीचे की नंतरचे, आणि बटाटे, सॅलड, कर त्यात धरले आहेत की नाहीत, हे तीन प्रश्न मासा निखाऱ्यावर चढण्याआधी विचारावेत. डिसेंबरातल्या तुमच्या बिलाची गोष्ट वाचताना मला वाटले की हे प्रश्न त्या वेळी विचारायचे राहून गेले असावेत.

शिंपल्यांच्या बाबतीत मी कडक आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, वीज सारखी जात असताना, माझ्या पाच विद्यार्थ्यांना मी एका ओळखीच्या शॅकवर शिनाण्या, म्हणजे काळ्या कवचाचे शिंपले, खायला नेले. वास थोडा जड वाटला होता, तरी ओळखीखातर गप्प बसलो. पुढचे दोन दिवस पाचहीजण आणि मी खोलीबाहेर पडलो नाही. तेव्हापासून कालवे, तिसऱ्या आणि शिनाण्या मी फक्त दुपारी, माणसांची वर्दळ असलेल्या गावातल्या खाणावळीत खातो, आणि शिजल्यावर न उघडलेला शिंपला हाताने उघडत नाही.

हरमल आणि मांद्रे येथे योगवर्गांच्या आश्रयाने वाढलेले कॅफेही बरेच आहेत. तिथली फळांची वाटी, खमिराचा पाव आणि कॉफी खरोखर चांगली असते, दर मुंबईच्या वांद्र्याचे असतात. दूध, तूप, अंडे यांपैकी काय वापरले आहे याचे चोख उत्तर मात्र तिथेच मिळते. पाऊस पडल्यामुळे शिकवणी रद्द झाली तर एक सकाळ तिथे काढावी, याहून अधिक मी सुचवणार नाही. मोरजीत रशियन जेवणाच्या जागा आहेत, कारण तिथे हिवाळाभर मुक्काम करणारी रशियन कुटुंबे आली. ऑक्टोबरात त्यांतल्या बऱ्याच बंदच असतील.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण नवशिके इथेच चुकतात. समुद्रात असताना घाम जाणवत नाही, पण तीन तासांत अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही जाते, आणि दुपारची डोकेदुखी बहुतेक त्याचीच असते. बाहेर येताच शहाळे प्यावे. दुपारी सोलकढीची दुसरी वाटी मागावी. बिअर त्या दिवसाची शिकवणी पूर्ण संपल्यावरच, त्याआधी कधीही नाही. उर्राक या दिवसांत विचारू नका. काजूची ती पहिल्या धारेची दारू मार्च ते मे या काळातली असते, आणि ऑक्टोबरात कोणी ती देऊ केली तर ती काय असेल हे देवच जाणे. फेणी मात्र बारमाही मिळते.

तुमच्या तारखांच्या आसपास कोजागरी येत असेल तर त्या संध्याकाळचे जेवण आधी ठरवू नका. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळापाशी पेडण्याची पुनव भरते आणि त्या रात्री रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. स्कूटर बरीच अलीकडे लावून चालत जावे. तिथल्या दुकानांतून खाजे घ्यावे. बेसनाच्या जाड शेवेवर गुळाचा पाक, आले आणि तीळ यांचे कवच असलेले हे खाजे गोव्याच्या प्रत्येक जत्रेत असते, आणि यालाही भौगोलिक मानांकन आहे. ताजे खाजे दाताखाली सहज फुटते. हातात घेतल्यावर चिकटू लागले तर ते दमट हवेत दोन-तीन दिवस पडून राहिलेले आहे असे समजावे. मालवणी खाज्याशी त्याची तुलना माझ्यासमोर करू नये, कारण त्या वादात मी तटस्थ नाही.

परतीचा दिवस शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार सकाळी आठच्या आत गाठावा. चोरीसाच्या माळा, सुके बांगडे, आमसुले, मिरची आणि विविध प्रकारचे पाव तिथे एकाच आवारात मिळतात, आणि बाजाराच्या आतल्या बाजूला भाजी-पावाची न्याहारीही होते. आमसूल घेताना ते ओलसर आणि जवळजवळ काळे असावे, तपकिरी आणि कडक असल्यास जुने. सुकी मासळी आणि चोरीस रेल्वेने नेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधून वर वर्तमानपत्र गुंडाळावे आणि ती पिशवी सहप्रवाशाच्या डोक्यावरच्या फळीवर न ठेवता स्वतःच्या बाकाखाली ठेवावी. विमानाने जाणार असाल तर विमान कंपनीला आधी विचारूनच घ्यावी, नाही तर मोपाच्या तपासणी-टेबलावर ती सोडून जावी लागेल.